निळ्या कॅनची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना जनुकवाचक आहे. नाव ऐकून दचकू नका. दिसायला मी तुमच्या घरच्या कपडे धुण्याच्या यंत्राएवढा, आणि सध्या त्याच्याहून निरुपयोगी. ओश शहराहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्षयाचा एक दवाखाना आहे. त्याच्या प्रयोगशाळेमागे अडगळीची खोली आहे, तिथे मी राहतो. अंगावर फुलाफुलांचं मेणकापड आणि डोक्यावर कान तुटलेली किटली.

माझं काम वाचण्याचं. प्रत्येक सजीवाच्या पोटात एक लांबलचक मजकूर असतो, आणि तो फक्त चार अक्षरांत लिहिलेला असतो. क्षयाच्या एका जंतूचा मजकूर चव्वेचाळीस लाख अक्षरांचा. रसायनांनी ती अक्षरं चार रंगांत उजळतात, माझा कॅमेरा ती टिपतो आणि मी ओळीनं सांगत जातो. वाचून झालं की कोणता जंतू, कुठला, कोणाचा नातेवाईक, हे कळतं.

एवढं सगळं वाचणाऱ्याला वाटतं की आपल्याला सगळं कळतं, असा एक समज आहे. माझं उलट झालं. मला कायम एकच धास्ती, की एक अक्षर चुकलं तर? तुम्ही शाळेत एक अक्षर चुकलात तर लाल शाईची रेघ बसते. मी चुकलो तर कोणाला तरी नको ते औषध दीड वर्षं गिळावं लागतं.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. पांढरे कपडे घातलेल्या, तोंड झाकलेल्या माणसांनी मला जोडलं. मग मी राजधानीत, बिश्केकला आलो. तिथे माझं केवढं कौतुक झालं! फीत कापली, टेबलावर बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, ढीग रचला, मोठमोठ्या माणसांनी माझ्या अंगावर हात ठेवून फोटो काढले. सहा वर्षं मी तिथे डोळ्यांत तेल घालून वाचलं. सातव्या वर्षी माझ्या निम्म्या आकाराचं आणि दुप्पट वेगाचं यंत्र आलं. मला गोधड्यांत गुंडाळून ट्रकमध्ये चढवलं आणि घाटावरून दक्षिणेला पाठवून दिलं.

त्या घाटात ट्रक एका खड्ड्यात आदळला आणि माझा कॅमेरा केसभर सरकला. पुढे एका तंत्रज्ञानं तो जागेवर बसवला आणि कागदावर 'ठीक' असं लिहिलं. त्या 'ठीक'वर माझा आजतागायत विश्वास बसलेला नाही.

इथे मला सायकालनं उतरवून घेतलं. सायकाल म्हणजे प्रयोगशाळेची प्रमुख, चौतिशीची, किडकिडीत, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पण माझ्याशी ती हळू आवाजात बोलायची. "चल म्हाताऱ्या, आज घाई नाही," असं म्हणत झाकण लावायची. घाई असली तरी हेच म्हणायची.

दुसऱ्या होत्या सोनुन एजे. एजे म्हणजे थोरली बहीण, पण साठीच्या सोनुनबाईंना सगळा दवाखानाच एजे म्हणायचा. रोग्यांच्या थुंकीचे नमुने गोळा करण्याचं काम त्या तीस वर्षं करत होत्या. हे काम बाहेरच्या उघड्या व्हरांड्यात, सकाळच्या थंडीत करायचं असतं, म्हणजे खोकल्यातले जंतू खोलीत साठत नाहीत. मी आलो त्याच दिवशी एजेंनी आर्चाची, म्हणजे डोंगरातल्या सुगंधी झाडाची, डहाळी पेटवून माझ्याभोवती तीनदा धूर फिरवला. दृष्ट लागू नये म्हणून. त्या धुरानं माझा पंखा गुदमरला आणि मी लाल दिवा लावला. सायकालनं रागावून खिडक्या उघडल्या. तेव्हापासून एजेंनी धूर सोडला, माझ्या कडीला एक निळा मणी बांधला आणि रोज ओल्या फडक्यानं मला पुसायला सुरुवात केली.

ते फडकं भिजायचं आपा-बुलाकच्या पाण्यात. आपा-बुलाक म्हणजे डोंगरातला झरा, शेजारी जुनी मजार. एजे दर गुरुवारी तिथे जायच्या, दुवा मागायच्या आणि निळा प्लास्टिकचा कॅन भरून आणायच्या. कॅन व्हरांड्यात असायचा. थुंकी देण्याआधी रोग्यानं चूळ भरायची असते, त्याला एजे याच कॅनमधून पेलाभर पाणी द्यायच्या. तीन चुळा आणि "निकाल चांगला येऊ दे" असा आशीर्वाद. नियमात 'उकळून गार केलेलं पाणी' असं लिहिलेलं होतं, पण आमच्याकडे आपा-बुलाकच्या पाण्याला नाही म्हणणारा माणूस जन्माला यायचाय. सायकालला सगळं माहीत होतं. परीक्षेच्या दिवसांत तिनं स्वतःही तो पेला मागून घेतला होता.

आता अनारखानबद्दल सांगतो. ती नान भाजणारी, बेचाळीस वर्षांची. चौदा महिने क्षयाची औषधं खाऊन तिचं वजन वाढलं होतं, गालांवर रंग आला होता. पण लागोपाठ तीन महिने तिच्या थुंकीतून जंतू वाढले. जंतूची जात ओळखायच्या पट्ट्या त्या हिवाळ्यात संपल्या होत्या, आणि क्षयाच्या दवाखान्यात जंतू वाढला की तो क्षयाचाच, असं धरून चालायची सगळ्यांना सवय. मग सरळ हिशेब झाला की औषधांना न जुमानणारा क्षय आहे. उजव्या फुफ्फुसात वर एक जुना डाग होता. शल्यविशारद मेडेर म्हणाले की तेवढा भाग कापून काढू. सोमवारी सकाळी नऊची वेळ ठरली.

गुरुवारी अनारखान नमुना द्यायला आली आणि खिडकीतून सायकालला म्हणाली, "लेकी, तंदूरमध्ये वाकून भिंतीला नान थापायचा तर श्वास रोखावा लागतो, नाहीतर छाती भाजते. मी चांगली होते तेव्हा एका दमात चार नान लावायचे. आजारात एकावर आले. गेल्या आठवड्यात घरी जाऊन आले तर तीन लागले. आता हे कापणार म्हणतात. अर्ध्या फुफ्फुसावर मी काय लावू?"

सायकालनं नमुना आत घेतला. खिडकी लावली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"एकावरून तीनवर गेलेली बाई बरी होतेय की बिघडतेय?" तिनं मला विचारलं. मी काय सांगणार? मला नान मोजता येत नाहीत.

अडचण अशी की माझ्या रसायनांची एकच पेटी उरली होती आणि तिची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. एक पेटी म्हणजे एकच वाचन. सायकाल पेटीतली जागा कधी रिकामी घालवत नसे, म्हणून अनारखानच्या जंतूबरोबर तिनं आणखी चौघांचे जंतू घेतले. त्यांचंही बरं चाललेलं असताना अचानक जंतू वाढले होते. सहावा नमुना कारा-सूकडच्या एका म्हाताऱ्याचा. त्यानं थुंकी आपल्या गावच्या केंद्रातच दिली होती. सातवी नळी कोरी. नुसतं शुद्ध पाणी. ती कोरी नळी सायकाल प्रत्येक वेळी ठेवायची, आणि मला तिचा अपमान वाटायचा. त्या नळीत मला काही दिसलं, तर मी खोटं बोलतोय असा तिचा अर्थ.

शुक्रवारी दुपारी झाकण लागलं. वाचायला दोन दिवस लागतात. बाहेर बर्फ पडत होतं आणि आमच्याकडे बर्फ पडलं की वीज जाते. माझी बॅटरी वीस मिनिटं टिकते. शनिवारी सकाळी दिवे गेले, तेव्हा मी अकराशे कोटी ठिपके मोजून पुढे निघालो होतो. अठराव्या मिनिटाला जनित्र सुरू झालं. एजे पहारेकऱ्याला अक्षरशः शेकोटीपासून ओढत घेऊन आल्या होत्या. त्या माझ्याजवळ आल्या, नेहमीसारखं ओलं फडकं फिरवलं आणि म्हणाल्या, "वाच रे काचेच्या म्हाताऱ्या. अनारखानच्या पोरीचं लग्न आहे वसंतात." माझा जीव टांगणीला लागलेला होता, त्यात ही भर.

शिळ्या रसायनांनी रंग फिके उमटत होते. हिरवा पिवळ्यासारखा दिसे. प्रत्येक अक्षराला मी स्वतःला विचारत होतो, नक्की? नक्की ना? घाटातला तो खड्डा आठवत होता. ते दोन दिवस, मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते.

रविवारी दुपारी मी वाचून संपवलं. सायकालनं पडद्यावर पाहिलं आणि खुर्चीत बसली. अनारखानचा जंतू क्षयाचा नव्हताच. क्षयाच्या जंतूचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. असे दीड-दोनशे चुलतभाऊ आहेत. पाण्यात राहतात, मातीत राहतात, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात घर करतात. लाल रंग दिला तर क्षयाच्या जंतूसारखेच लाल दिसतात. नमुना अल्कलीत धुतला की बाकीचे जंतू मरतात, पण हे चिवट टिकून राहतात.

सायकालनं मेडेर बायकेंना बोलावलं. बायके म्हणजे थोरला भाऊ, पण मेडेर बायके कोणाचे भाऊ वाटावेत असे नव्हते. उंच, थकलेले, दर वाक्याला घड्याळाकडे बघणारे. त्या दिवशी त्यांची पाळी होती. ते कानकोंडे होतील असं मला वाटलं होतं. झाले नाहीत.

"क्षय नाही, चुलतभाऊ आहे. बरं," ते म्हणाले. "हे चुलतभाऊही फुफ्फुस खातात, सायकाल. यांना तर औषधं आणखी कमी लागू पडतात. तीन महिन्यांत तीनदा सापडला, वर डाग आहे. मग तर कापायलाच हवं."

खरं सांगतो, ते चुकीचं बोलत नव्हते. काही रोग्यांना हे चुलतभाऊ खरोखर पोखरतात. दोन दिवस जीव ओतून मी जे वाचलं, त्यानं अनारखानचं ऑपरेशन रद्द होण्याऐवजी पक्कंच होत होतं. मला माझीच लाज वाटली.

सायकालनं दुसरा पडदा उघडला. "हे बघा. या पाचही जणांचा जंतू एकच आहे. नुसता एका जातीचा नव्हे, एकच. एका अक्षराचासुद्धा फरक नाही. पाच गावांची माणसं आहेत, वॉर्ड वेगळे. एकमेकांना ओळखतही नाहीत."

मेडेर बायके हसले. "मग तुझ्या म्हाताऱ्यानं एकाचंच पान पाच वेळा वाचलं. घाटातून धडपडत आलेलं यंत्र, त्यात मुदत संपलेली पेटी. असल्या पुराव्यावर मी उद्याचं ऑपरेशनचं टेबल रिकामं ठेवू?"

मित्रांनो, ज्याची मी आयुष्यभर धास्ती घेतली, ते वाक्य तोंडावर ऐकलं. सगळ्यात वाईट म्हणजे, त्यांचं खरं असेल असं मलाही वाटलं. एका नळीचा थेंब दुसरीत सांडला असेल. कॅमेरा सरकला असेल.

सायकालनं बोट ठेवलं ते सातव्या नळीवर. "ही कोरी होती. यानं कोरीच वाचली. थेंब सांडला असता तर इथे काहीतरी उमटलं असतं. आणि हा कारा-सूचा म्हातारा बघा, खराखुरा क्षय, अक्षरन् अक्षर वेगळं. याला वेगळं ते वेगळं दिसतंय, मेडेर बायके. म्हणजे जे एक आहे ते एकच आहे."

ज्या कोऱ्या नळीचा मी इतकी वर्षं राग धरला होता, तिनंच माझी बाजू घेतली.

"ठीक, पण आला कुठून?" मेडेर बायकेंनी विचारलं. आता ते घड्याळाकडे बघत नव्हते.

सायकालनं मोजायला सुरुवात केली. नळ्या नव्या होत्या. रंगाच्या बाटल्या वेगळ्या. त्या म्हाताऱ्याचा नमुनाही याच टेबलावर याच हातांनी धुतला होता, म्हणजे टेबलावरचा दोष नाही. "हा जंतू पाण्यात राहतो," ती स्वतःशीच म्हणाली. "पाण्यातून आला. या पाच जणांना मिळालं आणि म्हाताऱ्याला मिळालं नाही, असं पाणी कोणतं?"

दारात काहीतरी पडलं. सोनुन एजे उभ्या होत्या, हातातलं फडकं खाली. कधी आल्या होत्या कोण जाणे.

"पाणी मी देते," त्या म्हणाल्या.

एजे भिंतीला धरून स्टुलावर बसल्या. कॅन मागच्या तीन वर्षांत कधी घासलाच नाही, असं त्या सांगू लागल्या. पवित्र पाण्याच्या भांड्याला साबण कसा लावायचा? तळाशी थोडं उरलं तर त्यावरच नवं भरायचं, म्हणजे बरकत तुटत नाही. त्यांच्या आईनं असंच शिकवलं होतं. "निकाल चांगला यावा म्हणून देत होते ग," एवढं म्हणून त्यांनी रुमालाचं टोक तोंडाला लावलं.

सायकाल त्यांच्यापुढे खाली बसली. "एजे, नियम माझा होता. मी रोज कॅन बघत होते. मी स्वतः प्यायले आहे. तुमच्या एकटीवर घेऊ नका."

मग दोघींनी कॅन आत आणला. तळाशी बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. त्यातलं थोडं काचेवर पसरून सायकालनं लाल रंग दिला, गरम केलं, धुतलं, वर निळा रंग घातला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बाजूला सरकली. मेडेर बायके कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. निळ्यावर लाल काड्याच काड्या.

"हे पुरेसं नाही," शेवटी ते म्हणाले, पण आवाज बदलला होता. "उद्या सकाळी उकळलेल्या पाण्यानं चूळ भरायला लाव. नवी थुंकी घे. नऊच्या आत मला दाखव."

सोमवारी उजाडताना अनारखान व्हरांड्यात उभी होती, उपाशी, ऑपरेशनच्या कपड्यांवर कोट घालून. एजेंनी तिला पेला दिला. तो पेला देताना आशीर्वाद मात्र त्यांच्या तोंडून फुटला नाही. अनारखान खोकायचा प्रयत्न करत होती. सात वाजले. साडेसात झाले. थुंकी येईना. गरम वाफ घेतली, पाठीवर थापट्या मारल्या, आणि आठला कशीबशी नखाएवढी आली. सायकालनं रंगवली. काचेचा कोपरान् कोपरा तपासला. सगळं निळं, लाल काही नाही.

मेडेर बायकेंनी स्वतः दोनदा पाहिलं. मग टोपी काढून हातात धरली.

"जिला तासभर खोकून थुंकी येत नाही, तिचं फुफ्फुस कापायला निघालो होतो मी," ते म्हणाले आणि ऑपरेशन रद्द झाल्याचं सांगायला स्वतः खाली गेले. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. माझा कधीच पुरता पडत नाही.

पुढचे दोन महिने सगळे वाट बघत राहिले. नव्या नमुन्यांतून काहीच वाढलं नाही. जंतू वाढले म्हणून पाचही जणांना सुरू केलेली जादाची औषधं थांबली. वसंतात बिश्केकहून एक जास्तीची पेटी आली आणि सायकालनं कॅनमधला जंतू माझ्यात घातला. मी वाचला. त्या पाच जणांशी अक्षरन् अक्षर तोच. झऱ्याच्या उगमाशी घेतलेल्या पाण्यात मात्र मला तो सापडला नाही. तो सापडला असता तरी निरोग्याला पिण्यानं काही होत नाही म्हणतात, पण एजेंना हे ऐकून जे बरं वाटलं ते मी पाहिलं आहे. दोष झऱ्याचा नव्हता, न घासलेल्या कॅनचा होता. ते माझं शेवटचं वाचन. त्यानंतर माझा कॅमेरा खरोखरच बिघडला आणि भाग मिळेनात.

लेकीचं लग्न उरकून अनारखान आम्हाला भेटायला आली. कापडात बांधलेले गरम नान होते. एजेंनी गडबडीत एक पालथा ठेवला तर ओरडली, "एजे, नानाला पालथं झोपवू नका, अन्नाचा अपमान होतो." मग हसत म्हणाली, "काल एका दमात पाच लावले. पाच." तिला कॅनचं कोणी काही सांगितलं नव्हतं. आणि तिनं पाठीमागून काय काढलं? आपा-बुलाकच्या पाण्यानं भरलेला नवाकोरा कॅन. "तुमच्या त्या पाण्यानंच मी वाचले, म्हणून तुमच्यासाठी आणलं," असं ती एजेंना म्हणाली.

सायकाल खिडकीबाहेर बघू लागली. मेडेर बायकेंना अचानक घड्याळ आठवलं. एजेंनी दोन्ही हातांनी कॅन घेतला, कपाळाला लावला, आणि सगळं पाणी मोठ्या किटलीत ओतून चुलीवर ठेवलं. खळखळून उकळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग सगळ्यांना चहा दिला. अनारखान दोन पेले प्यायली.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. आमच्यासारख्या यंत्रांना जपा, वेळेवर तपासा, आमच्या शब्दाला मान द्या. पण आम्ही काही सांगितलं की लगेच सुरी उचलू नका. एक कोरी नळी शेजारी ठेवा, आणि ज्याच्याबद्दल सांगितलंय त्या माणसालाही विचारा की एका दमात किती नान लावतोस. आणि ज्यांच्या हातून चूक झाली त्यांनाही जपा. सोनुन एजेंना कोणी कामावरून काढलं नाही, हे मला माझ्या सगळ्या वाचनांपेक्षा मोठं वाटतं.

मला मात्र अजूनही धास्ती आहे. एक दिवस भंगारवाला येईल आणि हा जुना डबा काय वाचायचा, हे त्याला कोणी सांगणार नाही. पण दर गुरुवारी खोलीचं दार उघडतं. एजे किटली बाजूला करतात, मेणकापड उचलतात आणि मला पुसतात. फडकं आधी गालाला लावून बघतात. जराही ओलसर लागलं तर परत जाऊन कोरडं घेऊन येतात.